पास, ड्रिबल आणि पोस्टिंग

लहान मुलांचा फुटबॉल चालू असताना मैदानाच्या कडेला दहा मिनिटं उभं राहा. एकच शब्द शंभरदा कानावर पडेल. "पास!" मुलं ओरडतात, बाकड्यावर बसलेले वडील ओरडतात, सायकल टेकवून उभा असलेला मेसचा वेटरही ओरडतो. बॉल ज्याच्या पायात आहे तो सोडून बाकी सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं की पास कुणाला द्यायचा.

जबलपूरला आल्यापासून आठवड्यातल्या तीन संध्याकाळी मी हा गोंगाट ऐकतो. हे शहर फौजेचं. इथे ग्रेनेडियर्सचं सेंटर आहे, जम्मू-काश्मीर रायफल्सचं आहे, सिग्नल्सचं ट्रेनिंग सेंटर आहे, शिवाय डेपो आणि ऑर्डनन्सचे कारखाने. त्यामुळे छावणीत फौजी कुटुंबं पुष्कळ आणि संध्याकाळी मोकाट सुटलेली त्यांची पोरं त्याहून पुष्कळ. आमच्या मैदानावर आठ ते तेरा वयाची पंचवीस-तीस मुलं-मुली येतात. शिकवायचं काम खरं म्हणजे सुभेदार साहेबांचं. मी हाताखालचा. (फौजेबाहेरच्या वाचकांसाठी: जेसीओला आम्ही अधिकारीही 'साहेब'च म्हणतो, आणि मनापासून म्हणतो.) साहेब मलप्पुरमचे. भातकापणी झालेल्या शेतात बांबूच्या गॅलऱ्या उभारून रात्रभर सात-सात जणांचा फुटबॉल जिथे खेळतात, तो मुलूख. साहेब पळायला लागले की पन्नाशी जवळ आलेला माणूस आहे हे विसरायला होतं.

मी पडलो कोल्हापूरचा. पुढे सातारची सैनिक स्कूल, मग खडकवासला, पण फुटबॉल डोळ्यांत शिरला तो शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार ही नावं बाहेरच्याला कुस्तीच्या आखाड्यांची वाटतील. मुळात ती तालमींचीच आहेत, पण त्यांच्या नावाने शहरातल्या पेठा दर हंगामात फुटबॉलसाठी एकमेकींसमोर उभ्या राहतात. तिथल्या प्रेक्षकाला शिस्तीतल्या पासचं फारसं कौतुक नाही. एखादा पोरगा टचलाइनवरून निघाला, दोघांना चकवून तिसऱ्याच्या पायातून बॉल काढला, की अख्खी गॅलरी उठून उभी राहते. पुढे त्याने बॉल थेट गोलकीपरच्या हातात दिला तरी त्याचं नाव आठवडाभर चहाच्या गाड्यावर निघतं. 2017 साली 17 वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. त्याला खेळताना बघून माझ्या वर्गमित्रांनी ग्रुपवर किती फुशारक्या मारल्या असतील, ते कोल्हापूरकरांना सांगायला नको.

तेव्हा साहेबांचं आणि माझं पटणं अवघडच होतं. साहेबांचं मत सरळ: ज्याला पास येत नाही त्याला फुटबॉल येत नाही. "साब, लड़का थकता है, बॉल नहीं थकती." सर्व्हिसेसच्या संघाचं उदाहरण त्यांच्या तोंडी सतत. 2023-24 साली सर्व्हिसेसने गोव्याला हरवून सातव्यांदा संतोष ट्रॉफी जिंकली. त्या संघात मोठ्या नावाचं कोण होतं, असं ते विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातात. मलप्पुरमचा माणूस असल्याने ते अर्थातच अर्जेंटिनाचे. एकदा मी म्हटलं, साहेब, मग मॅराडोनाचं काय? 1986 ला इंग्लंडविरुद्ध आपल्या अर्ध्यातून बॉल घेऊन निघाला, तो गोलकीपरलाही चकवूनच थांबला. तो पास देत बसला असता तर? साहेबांनी शिट्टी तोंडातून काढली. "साब, वो बाईस जून। उनतीस जून को फाइनल था। दो-दो। बुरुचागा को किसने दिया?"

इथे माझं तोंड बंद झालं, हे कबूल करायला हरकत नाही. एकाच माणसाने एकाच मैदानावर आठवड्याच्या आत जगातलं सगळ्यांत गाजलेलं ड्रिबल केलं आणि विश्वचषक जिंकून देणारा पासही दिला. दोन्ही बाजूंच्या वकिलाला तोच साक्षीदार.

पण आमचा वाद पुस्तकी नव्हता. त्याला एक कारण होतं, अकरा वर्षांचं, डावखुरं, गुडघे कायम खरचटलेलं.

हा मुलगा डिसेंबरात आला. वडील हवालदार, फील्डमध्ये. आई, तो आणि धाकटी बहीण इथल्या सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये. पाचवीतल्या मुलाची ही चौथी शाळा. पहिल्याच दिवशी त्याने बॉल घेतला आणि समोरच्या चौघांतून असा काढला की साहेबांनीसुद्धा माझ्याकडे बघितलं. पण त्याने तो सोडला नाही. पाचवा आला, सहावा आला, शेवटी तिघांनी मिळून त्याला आडवा केला तेव्हा बॉल सुटला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आठवडाभरात मुलांनी त्याच्या बाजूला पळणंच सोडलं. बॉल त्याच्याकडे गेला की बाकीचे कमरेवर हात ठेवून उभे. दोन-तीन पालक माझ्याकडे येऊन सभ्य भाषेत बोलून गेले. पुढच्या महिन्यात शहरातल्या एका क्लबच्या मुलांशी सामना ठरला होता. त्याला संघात घेऊ नये, त्याने "स्पिरिट खराब होतं," असा सूर होता. साहेबही त्याच मताचे. दोन सामने बाहेर बसू दे, आपोआप पास देईल.

मला ते पटत नव्हतं, आणि का ते सांगण्यासाठी जरा मागे जावं लागेल, तेही आपल्याच पेशातून.

इंग्लंडमध्ये 1863 साली फुटबॉल असोसिएशनचे नियम ठरले, तेव्हा बॉलच्या पुढे उभा असलेला आपला गडी सरळ खेळाबाहेर धरला जाई. पुढे पास द्यायची सोयच नव्हती. त्यामुळे खेळ म्हणजे बॉल पायात घेऊन धावणं. एकजण निघाला की बाकीचे त्याच्या मागे, त्याचा सुटला तर उचलायला. 1866 ला नियम सैल झाला, तरी सवय तीच राहिली. ती मोडणाऱ्या पहिल्या संघांत एक संघ फौजेचा होता: चॅटमच्या रॉयल इंजिनिअर्सचा. आपल्या खडकीच्या सॅपर्सचे म्हटलं तर दूरचे भाऊबंद. 1872 च्या पहिल्यावहिल्या एफए कपच्या अंतिम सामन्यात ते खेळले आणि हरले, 1875 ला तो कप त्यांनी जिंकला. ते एकमेकांना बघून, एकमेकांकडे बॉल देत खेळायचे आणि बघणाऱ्यांना त्याचं नवल वाटायचं. त्याच 1872 सालच्या 30 नोव्हेंबरला ग्लासगोत स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. इंग्रज अंगाने दांडगे आणि ड्रिबलिंगचे पक्के. हलक्या अंगाच्या स्कॉटिश खेळाडूंनी पास देऊन त्यांना रोखलं. सामना 0-0.

शाळेच्या फळ्यावर ही गोष्ट 'संघभावनेचा विजय' म्हणून लिहिता येईल. मला त्यातली दुसरीच बाब महत्त्वाची वाटते. स्कॉटलंडचे अकराच्या अकरा एकाच क्लबचे होते, क्वीन्स पार्कचे. इंग्लंडचे निरनिराळ्या क्लबांतून गोळा केलेले. रॉयल इंजिनिअर्सचे खेळाडू एकाच छावणीतले, एकाच मेसमध्ये जेवणारे. कोण कुठे पळेल, कुणाचा डावा पाय चालतो, कोण थकला की खोटं खोटं बूट बांधत बसतो, हे सगळं त्यांना ठाऊक. पास हा आधी ओळखीचा मामला आहे आणि मग कौशल्याचा. जिथे ओळख नसते तिथे माणूस ड्रिबल करतो.

आता आमच्या मैदानाकडे बघा. दर वर्षी परीक्षा संपल्या की निम्मा संघ ट्रंका भरून निघतो. मुलांचे मित्र मागे राहतात, शाळा मागे राहते, 'हाउस'चा रंग बदलतो, कधी दुसरी भाषाही बदलते. सोबत जातं ते फक्त जे अंगात मुरलंय ते. चार शाळा फिरलेल्या त्या पोराकडे त्याचं म्हणावं असं काय होतं? डावा पाय. तो त्याने कुठल्यातरी क्वार्टरच्या मागच्या भिंतीवर बॉल मारून मारून स्वतः कमावला होता. आणि आम्ही त्याला पहिल्या आठवड्यात सांगत होतो की तोच बाजूला ठेव.

या बाबतीत जबलपूरची साक्ष काढायला हवी. हे शहर हॉकीचं. ध्यानचंद यांचे धाकटे भाऊ रूपसिंग 1908 साली इथे जन्मले, ध्यानचंद त्याआधी 1905 ला अलाहाबादेत. वडील फौजेत, बदल्या चालूच. त्या बदल्यांपायी ध्यानचंदांची शाळा सहा वर्षांतच सुटली आणि मग कुटुंब झाशीला स्थिरावलं. 1922 ला ते शिपाई झाले आणि तिथे सुभेदार मेजर बाले तिवारी यांनी त्यांना खेळाचे धडे दिले. (सुभेदार साहेबांना ही गोष्ट सांगितल्यापासून ते हॉकीबद्दल जरा आदराने बोलतात.) स्टिकला चिकटलेल्या बॉलच्या त्यांच्या दंतकथा सर्वांना पाठ आहेत. मला आवडतो तो 1947 च्या पूर्व आफ्रिका दौऱ्यातला किस्सा. त्यांनी के. डी. सिंग 'बाबू' यांना पास दिला आणि गोलकडे पाठ करून चालू लागले. नंतर बाबूंनी कारण विचारलं, तर म्हणाले की त्या पासवर गोल झाला नसता तर तू माझ्या संघात शोभला नसतास. असा पास तोच देऊ शकतो ज्याच्याकडून बॉल कुणी काढून घेऊ शकत नाही. त्याच्याभोवती तिघे जमतात आणि म्हणून तिकडे एक मोकळा सुटतो. पायात बॉल न टिकणाऱ्याने दिलेल्या पासाने कुणीच मोकळं होत नाही, नुसता बॉल इकडचा तिकडे होतो.

याचा पुरावा मैदानावरच होता. बारा वर्षांची एक मुलगी, उजव्या बगलेवर खेळणारी. तिचं सगळे कौतुक करत, कारण बॉल आला की ती क्षणात दुसऱ्याला देई. मी चार संध्याकाळी फक्त तिच्याकडे बघत राहिलो. ती मान वर करून बघतच नव्हती. तवा तापलेला असावा तसा बॉल झटकत होती. आधीच्या स्टेशनवर कुणीतरी तिला दटावलं होतं, बॉल गमावलास तर बाहेर काढीन म्हणून. तेव्हापासून बॉल तिच्याकडून कधी जातच नव्हता, कारण तिच्याकडे तो कधी थांबतच नव्हता. खडकवासल्याच्या पहिल्या टर्ममध्ये आम्ही इंटर-स्क्वॉड्रन फुटबॉल असाच खेळायचो. सीनियर्सच्या नजरेत न भरणं हाच एक डाव. आणि पुढे नोकरीत असे लोक सगळ्यांनीच पाहिलेत, हाती आलेली फाइल 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' टचलाइनपलीकडे पाठवणारे. त्यांना कुणी स्वार्थी म्हणत नाही.

तर साहेबांशी तह झाला. मुलगा संघात राहील आणि सरावाची पद्धत बदलायची.

पहिली गोष्ट, अकरा-अकरांचा खेळ बंद. साधा हिशेब आहे. दीड तासाच्या सामन्यात बॉल साधारण तासभर खेळात असतो. त्याला बावीसने भागा. एकेकाच्या वाट्याला तीन मिनिटंही येत नाहीत, आणि मुलांच्यात तर जो दांडगा त्याला दहा आणि बाकीच्यांना शून्य. जर्मनीसारख्या देशानेही 2024-25 च्या हंगामापासून अगदी लहान गटांसाठी तीन-तीन, पाच-पाच जणांचे, छोट्या गोलांचे खेळ सक्तीचे केले, ते उगाच नाही. आम्ही चार-चारांचे संघ केले, मैदानाचे चार तुकडे पाडले. गोल म्हणून रंगाची रिकामी डबडी. फौजेत न हलणाऱ्या प्रत्येक वस्तूला गेरू आणि चुना लागतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ती डबडीही गेरू-चुन्यात न्हाऊन हजर.

दुसरी गोष्ट, मैदानाच्या लांबीचे चुन्याने तीन भाग. आपल्या गोलजवळच्या भागात बॉलला दोनदाच पाय लावायचा आणि सोडायचा. तिथे चकवाचकवी म्हणजे घराचं दार उघडं टाकून फिरायला जाणं. मधल्या भागात ज्याचं त्याने ठरवायचं. समोरच्या भागात मात्र पुढ्यात एकच बचाव असेल तर त्याला भिडायचं, मागे पास द्यायचा नाही. तिथे बॉल गेला तर कुणी ओरडणार नाही, कडेचे पालकही नाहीत. हे शेवटचं कलम अमलात आणायला सगळ्यांत जड गेलं. साहेबांनी शेवटी बाकडीच उचलून मैदानापासून वीस पावलं मागे नेली.

तिसरी साहेबांची. पास देताना ज्याला द्यायचा त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. नाव नाही घेतलं तर बॉल दुसऱ्या संघाला. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. तो डावखुरा पोरगा बॉल घेऊन निघाला, दोघांना मागे टाकलं, डावीकडे एकजण मोकळा. त्याने मान वर केली. तोंड उघडलं. आणि तसाच थांबला. बॉल काढून नेला त्याच्या पायातून.

त्याला नावं माहीतच नव्हती. दोन महिने झाले होते. 'ए', 'लाल टीशर्ट', 'मोटू' यावर काम चाललं होतं. साहेब त्याच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवून त्याला सगळ्यांसमोरून फिरवलं, गार्ड ऑफ ऑनरचं निरीक्षण करावं तसं, आणि प्रत्येकाला नाव सांगायला लावलं. पोरं हसून लोळली. त्या रात्री त्याच्या आईने मॅडमना, म्हणजे माझ्या बायकोला, फोन करून विचारलं की आज मैदानावर काय झालं, मुलगा जेवताना सतरा नावं म्हणून दाखवतोय.

त्यानंतर तो पास द्यायला लागला, असं लिहिलं तर ते खोटं होईल. दहातले दोन देऊ लागला, तेही उशिरा. आधी चकवायचं, मग आठवायचं. पण बाकीची पोरं पुन्हा त्याच्या बाजूने पळू लागली, कारण आता कधी नाव पुकारलं जाईल याचा भरवसा नव्हता.

सामना फेब्रुवारीतल्या एका रविवारी झाला. आम्ही 3-2 ने हरलो. डावखुऱ्याने एक गोल एकट्याने केला आणि विरुद्ध संघाचा एक गोल त्याच्याच पायातून सुटलेल्या बॉलवर झाला, अगदी आपल्या गोलसमोर, चुन्याच्या पहिल्या भागात. पालकांनी माझ्याकडे बघितलं. मी खेळाकडे बघत राहिलो. माझ्या मते त्या दिवसाची खरी घटना दुसरीच होती. उत्तरार्धात बॉल उजव्या बगलेवर त्या मुलीकडे आला, समोर एकच उंच मुलगा. तिने मागे बघितलं, पास सोपा होता. तिने बॉल पुढे ढकलला आणि त्याच्या बाजूने निघाली. अर्थात त्याने तो काढून घेतला. ती पडली, उठली, गुडघा झटकला आणि हसत हसत परत पळाली. साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डरी नहीं, साब." पाच मिनिटांनी तिने पुन्हा तेच केलं, आणि या वेळी ती निसटली.

मार्चमध्ये डावखुऱ्याच्या वडिलांची पोस्टिंग आली. फील्ड संपलं, भटिंडा, आता सगळे एकत्र राहणार. घरात आनंद. पोरगा मात्र शेवटच्या संध्याकाळी साहेबांच्या मागे मागे फिरत होता. शेवटी विचारलंच, नवीन मैदानावर पहिल्या दिवशी काय करू?

साहेबांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मला वाटलं आता पासवर प्रवचन होणार.

"पहले तीन बॉल दे देना। नाम पूछ के देना। चौथी किसी को मत देना।"

पुढच्या सोमवारी त्याच्या क्वार्टरमध्ये बिन्नागुडीहून एक कुटुंब आलं. मुलगा दहा वर्षांचा, हातात स्वतःचे ग्लव्ह्ज. गोलकीपर आम्हाला हवाच होता.